खाडीचा चिखल म्हणजे घाण नव्हे



कळव्याच्या पुलावरून जाताना ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडलेला दिसतो. सोबतचं लेकरू नाक मुरडतं, आणि आपणही म्हणतो, ‘शी, घाण!’ आज या एका शब्दाबद्दल बोलायचंय. कारण एकदा घाण म्हटलं की तिथं कचऱ्याची पिशवी टाकताना हात अडखळत नाही. भराव पडला तरी कुणी विचारत नाही.

याच चिखलातलं अन्न खायला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दर हिवाळ्यात हजारोंनी ठाण्याच्या खाडीत येतात. त्यातले पुष्कळ गुजरातच्या कच्छकडून येतात. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जगानं जपायच्या पाणथळ जागांत तिचं नाव लागलं.

पण तिसरी-चौथीच्या मुलांना नुसती सालं पाठ करून काय कळणार? त्यांना करून दाखवूया.

चहाची गाळणी घ्या. वाटीभर पाण्यात मोहरी टाका आणि गाळा. पाणी खाली जातं, मोहरी वर राहते. रोहितची चोचही अशीच. डोकं उलटं करून तो गढूळ पाणी चोचीत ओढतो आणि जिभेनं बाहेर ढकलतो. बारीक शेवाळ आणि जीव तेवढे आत राहतात. त्यांतल्याच रंगानं तो गुलाबी होतो; पिल्लू असताना करडाच असतो. मग विचारा, ‘चिखल बुजवला तर हा खाणार काय?’ उत्तर मुलांनाच देऊ द्या.

दुसरं, दोन ताटं तिरपी धरा. एकात मधोमध आडवा, जाड स्पंज ठेवा. दोन्हींत वरून हळूहळू पाणी ओता. स्पंजाच्या ताटातलं पाणी थांबत थांबत उतरतं. पावसात पाणथळ जागा आपल्या घरांसाठी हेच करते.

तिसरं, मुलांना आजीकडे पाठवा. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी पूर्वी कुठं मिळायची, आता कुठं मिळते, ते वहीत लिहून आणू द्या. खारफुटीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. ती तोडली की पक्ष्यांसोबत आपलं कालवणही जातं, हे त्या वहीतून कळेल.

पक्षी दाखवायचे तर लांबूनच. चिखलात पाय रुततो, मुलांना खाली उतरू देऊ नका. दगड मारणं, आरडाओरडा नको. ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. शाळेची सहल तिथं नेता येईल.

२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. त्या दिवशी आपल्या बचत गटानं शाळेत जाऊन गाळणीचा हा खेळ मांडावा. खर्च काहीच नाही. मात्र त्याआधी आपल्या घरची कचऱ्याची पिशवी खाडीत जाणं थांबवूया. मुलं आपलं ऐकतात त्याहून जास्त आपल्याकडे बघतात.