दुर्गाबाईंचे साधेसुधे आनंद



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानात थोर व्यक्तीचे कार्य वर्णावे, तिचे ग्रंथ, पदे आणि पुरस्कार क्रमाने सांगावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. आजचा विषय त्या रीतीला काहीसा सोडून आहे. मराठीतील एका विदुषीने रोजच्या आयुष्यात कशाकशात सुख मानले, कोणकोणत्या छंदांत आपला वेळ घातला, आणि अशा लहानसहान गोष्टींत रमणारी ही बाई प्रसंगी सत्तेपुढे ताठ कशी उभी राहिली, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्या विदुषी म्हणजे दुर्गा भागवत. 10 फेब्रुवारी 1910 रोजी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला आणि 7 मे 2002 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रतिभावंतांच्या लहरींविषयी समाजात नाना कथा प्रचलित असतात. अमक्या कवीला विशिष्ट पेनाशिवाय ओळ सुचत नसे, तमका चित्रकार अनवाणी फिरे, असे सांगताना सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही गंमत वाटते. मात्र त्यात एक धोका आहे. लहर लक्षात राहते आणि माणूस विसरला जातो. दुर्गाबाईंच्या बाबतीत हा धोका संभवत नाही, कारण त्यांच्या आवडीनिवडी आणि त्यांचे लेखन यांची फारकतच करता येत नाही.

त्यांच्या स्वयंपाकाचेच पाहा. लोकसाहित्य, समाजशास्त्र, बौद्ध वाङ्मय अशा विषयांत अधिकार मिळविलेल्या या अविवाहित विदुषीला स्वयंपाकाची मनापासून हौस होती. विद्वान स्त्रीने चुलीपासून दूर राहावे, किंबहुना तेच तिच्या विद्वत्तेचे लक्षण, असा एक समज त्या काळी सुशिक्षितांत रूढ होत होता. दुर्गाबाईंनी त्याची कधी पर्वा केली नाही. वेगवेगळ्या प्रांतांतील पदार्थ, ते करण्याच्या रीती, त्यांमागचे सण आणि समजुती यांत त्यांना रस होता, आणि त्या आवडीतून 'खमंग' नावाचे पुस्तकही झाले. ज्या सोलापूर जिल्ह्यात शेंगाचटणी कोणत्या उखळात कुटली यावरून घराघरांत वाद होऊ शकतो, तेथे या हौसेचे मर्म फार समजावून सांगण्याची गरज नाही. चटणीच्या भरड-बारीकपणात एका गावाची आवड, तेथली जमीन आणि तेथल्या स्त्रियांचे हात असतात. लोकसाहित्याचा अभ्यासक ज्याला परंपरा म्हणतो ती अशीच ताटात येऊन पडलेली असते.

येथे त्यांच्या धाकट्या भगिनीची आठवण काढणे अगत्याचे आहे. डॉ. कमला सोहोनी या जीवरसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1933 साली केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, अटी घालून का होईना प्रवेश मिळविला, आणि पुढे 1939 साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांनी नीरा, कडधान्ये अशा सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले. एकाच घरातील दोन बहिणी. एक अन्नातील घटक प्रयोगशाळेत तपासते, दुसरी त्याच अन्नाभोवतीच्या ओव्या आणि कहाण्या गोळा करते. दोघींचे लक्ष मात्र एकाच ताटाकडे. भागवतांच्या घरातील या वळणाचा कोणीतरी स्वतंत्र अभ्यास करावयास हवा.

स्वयंपाकाच्या जोडीला विणकाम आणि भरतकाम. हातात सुई असताना डोके मोकळे राहते हा अनुभव आपल्या घरांतील आजींना असतो. आपल्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवताना चार बायका एकत्र बसत, आणि त्या बैठकीत जेवढ्या कहाण्या, म्हणी आणि कोडी एका पिढीकडून दुसरीकडे गेली तेवढी कोणत्याही शाळेत गेली नसतील. दुर्गाबाईंनी कोड्यांसारख्या, विद्वानांनी दुर्लक्षिलेल्या प्रकारावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो 1965 साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या प्रांतांतील लोककथा त्यांनी मराठी मुलांसाठी सांगितल्या. पाली जातककथांचे मराठी भाषांतर 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत केले. ज्या कथांत ससे, हरणे, माकडे आणि हत्ती बोलतात त्या कथांपाशी एवढी वर्षे बसणे हे केवळ विद्वत्तेने होत नाही. मूल ज्या कौतुकाने गोष्ट ऐकते ते कौतुक वय वाढल्यावरही टिकावे लागते.

आता त्यांच्या आयुष्यातील एका कठीण कालखंडाकडे वळू. तरुणपणी आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी त्या मध्य प्रदेशच्या जंगलात हिंडल्या. तेथे विषारी कंद खाण्यात आल्याने त्यांना विषबाधा झाली आणि सुमारे सहा वर्षे अंथरुणावर काढावी लागली. सहा वर्षे! तारुण्यातील उमेदीची वर्षे. हाती घेतलेले संशोधन थांबले, डॉक्टरेट राहिली ती कायमचीच. चार भिंतींत पडून असलेल्या माणसाला जग खिडकीएवढे उरते. अशा वेळी समोरच्या झाडाला पालवी फुटली की नाही, पाखरू आज कोणत्या फांदीवर बसले, उन्हाची तिरीप काल कोठे होती आणि आज कोठे सरकली, याच बातम्या होतात. निरोगी माणूस ज्यांना क्षुल्लक म्हणून ओलांडून जातो त्या गोष्टींची किंमत रुग्णशय्येवर कळते. दुखण्यातून उठल्यावर दुर्गाबाईंची दृष्टी निसर्गाकडे अधिक जवळून वळली, असे त्यांच्या लेखनावरून जाणवते.

त्या दृष्टीचे फळ म्हणजे 1956 साली प्रसिद्ध झालेले 'ऋतुचक्र'. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवरचे बारा ललितलेख. झाडे, फुले, कीटक, पाखरे, ढग, ऊन, त्यांच्याशी निगडित लोकसमजुती आणि जुन्या काव्यातील संदर्भ असा सारा ऐवज त्यात एकत्र विणला आहे. मराठीत निसर्गवर्णन पूर्वीही होते. बहुधा कवितेत, आणि बहुधा ठरावीक उपमांच्या आधाराने. दुर्गाबाईंनी झाड आधी नीट पाहिले आणि उपमेला नंतर बोलाविले. हे पुस्तक मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्या स्त्रीने लिहिले आहे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. निसर्ग पाहण्यासाठी महाबळेश्वरला जावे लागते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी रस्त्याकडेच्या पिंपळाला नवी पाने येतात तेव्हा त्यांचा रंग कोणता असतो, हे एकदा थांबून पाहावे. तांबूस, कोवळी, उन्हात लकाकणारी ती पाने आठ-पंधरा दिवसांत हिरवी होतात आणि ज्याने पाहिले नाही त्याचे ते वर्ष गेले.

दुर्गाबाईंचे आणखी एक सुखस्थान म्हणजे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. 1804 साली स्थापन झालेली ही संस्था आणि टाऊन हॉलची ती भव्य इमारत, तिच्या उंच पायऱ्या, आत जुन्या ग्रंथांचा वास. अनेक वर्षे त्या नेमाने तेथे जात, वाचीत, टिपणे काढीत. काही माणसांना देवळात गेल्यावाचून दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, तसे त्यांचे ग्रंथालयाचे होते. इंग्रजी, संस्कृत, पाली, फ्रेंच अशा अनेक भाषांतील पुस्तके धुंडाळणे हा त्यांच्या लेखी उद्योगही होता आणि विरंगुळाही.

वाचनातूनच त्यांना थोरो भेटला. हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकी लेखक 4 जुलै 1845 रोजी वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस तेथे राहिला. झोपडी बांधण्यास आलेला खर्च त्याने पुस्तकात अगदी खिळ्यांसकट मांडला आहे. एकूण 28 डॉलर आणि साडेबारा सेंट. आपल्या व्यापारी मंडळींना हा लेखक त्या एका पानावरूनच आवडावा. मुंग्यांच्या दोन टोळ्यांची लढाई तो तासन् तास पाहत बसे, घेवड्याचे वाफे खुरपी, आणि त्याचाही जमाखर्च लिही. याच थोरोने गुलामगिरीला आणि युद्धाला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देण्याचे नाकारले व 1846 साली एक रात्र तुरुंगात काढली. त्या विषयावरील त्याच्या निबंधाने पुढे महात्मा गांधींनाही बळ दिले. दुर्गाबाईंनी 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने केला. मुंग्या पाहत बसणाऱ्या माणसाने तुरुंगात जावे यात विसंगती आहे का, हा प्रश्न अनुवाद करताना त्यांच्या मनात आला असेल किंवा नसेल. काळाने तो दहाएक वर्षांनी त्यांच्यापुढे प्रत्यक्षच ठेवला.

25 जून 1975 रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, हजारो माणसे तुरुंगात डांबली गेली. त्याच वर्षाअखेरीस कऱ्हाड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी दुर्गा भागवत होत्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्याच स्त्री. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी दुर्गाबाई तेथे निर्भयपणे बोलल्या, आणि त्या वेळी आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून त्यांनी व्यासपीठावरून प्रार्थना करविली. आज हे वाचताना प्रार्थनेत काय मोठे धाडस, असे एखाद्या तरुणाला वाटेल. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारावे. जयप्रकाशांचे नाव आदराने घेणे म्हणजे काय होते, हे त्यांना आठवत असेल. यशवंतरावांचेही येथे एक श्रेय नोंदविले पाहिजे. ते सत्तेतले, तरी स्वतः रसिक वाचक होते, आणि साहित्यिकांच्या मंचाचा मान राखून त्यांनी श्रोत्यांत बसणे पसंत केले.

1976 साली पोलिसांनी दुर्गाबाईंना अटक केली ती एशियाटिकच्या ग्रंथालयातून. पासष्टी ओलांडलेली, पूर्वीच्या दुखण्याने शरीर पोखरलेली एक अभ्यासक स्त्री आपल्या नेहमीच्या जागी पुस्तके वाचीत होती आणि तेथूनच तिला तुरुंगात नेण्यात आले. त्यांच्यापाशी ना पक्ष होता, ना संघटना.

विणकाम, पाककृती, पिंपळाची पाने आणि कोडी यांत रमणारी व्यक्ती हळवी असणार, कठीण प्रसंगी ती आपल्या खोलीत शिरून दार लावून घेणार, असा सर्वसाधारण अंदाज असतो. येथे तो साफ चुकला. त्याचे एक कारण उघड आहे. ज्याचे सुख पद, पैसा आणि दरबारातील आसन यांवर अवलंबून असते त्याच्यापाशी हिरावून घेण्याजोगे पुष्कळ असते आणि म्हणून त्याला भिवविता येते. ज्याला भाकरी खमंग भाजली गेल्याचे, टाका सरळ पडल्याचे आणि चैत्रात पालवी फुटल्याचे सुख पुरते त्याला धाक घालणे सरकारलाही अवघड जाते. आपल्या परंपरेत परिग्रहपरिमाण व्रत सांगितले आहे, त्याचा अर्थ तिजोरीपुरताच नसावा. दुर्गाबाई जैन नव्हत्या, आणि हे व्रत त्यांनी घेतले होते असेही कोणी म्हणणार नाही. पण आणीबाणीनंतर त्यांनी सरकारी मानसन्मान न घेण्याचे ठरविले आणि तो निश्चय पाळला. पद्मश्री नाकारली, ज्ञानपीठासारखा पुरस्कारही नाकारला. तत्पूर्वी 1971 साली 'पैस' या ललितलेखसंग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळालेला होता. नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला असे मानतात, त्या पैसाच्या खांबावरून पुस्तकाला हे नाव आले आहे.

त्यांचा स्वभाव सर्वांना रुचे असा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांची मते तीव्र असत, वाद झडत, आणि मोठमोठ्या लेखकांविषयी त्या परखड बोलत. काही वेळा त्यांचा न्याय एकांगी झाला असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटे. वयाच्या उत्तरार्धात प्रतिभा रानडे यांनी त्यांच्याशी केलेल्या दीर्घ संवादांचे 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' हे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात साहित्य, राजकारण, धर्म, माणसे आणि खाणेपिणे यांची अशी काही सरमिसळ आहे, की एखाद्या अनुभवी आजीपाशी ओसरीवर बसल्यासारखे वाटते.

'ऋतुचक्र' वाचण्याची एक उत्तम रीत अशी, की ते एका बैठकीत संपवू नये. जो महिना चालू असेल तेवढाच लेख वाचावा आणि बाहेर पडून पाहावे. होटगीकरांना त्यात एक अडचण येईल. पुस्तकातला आषाढ कोकणपट्टीचा, मुंबईच्या धुवाधार पावसाचा आहे. आपला आषाढ कोरडाच. ढग येतात आणि जंक्शनवर न थांबणाऱ्या गाडीसारखे पुढे निघून जातात. आपला खरा पाऊस भाद्रपदाचा. त्यावर रब्बीची ज्वारी पेरायची, पौषात हुरडा खायचा, आणि थंडीच्या दिवसांत तलावावर उतरलेली पाखरे पाहायची. तेव्हा या पुस्तकाच्या आषाढापाशी फार न रेंगाळता भाद्रपदाचे पान उघडावे, आणि पेन्सिल जवळ ठेवावी. तेथे होटगीच्या वाचकाला समासात बरेच काही लिहावे लागेल.