घराशेजारी शाळा
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



चिकलठाण्यास कारखाने आले, विमानतळ आला, मागोमाग वसाहती उभ्या राहिल्या. घरांबरोबर शाळाही उभी राहावी, याविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

शाळा मध्यभागी ठेवून वस्ती वसवावी, म्हणजे बालकास मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही, असे अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली मांडले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने त्याच दशकात आपल्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादेत, नवे नगर आखावयास घेतले. त्यात घरांसोबत शाळांसही जागा दिली.

परंतु नकाशावरील शाळा ही शाळा नव्हे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित न झाल्यास मालकास नोटीस देता येते. पुढील चोवीस महिन्यांतही संपादनाचे पाऊल न पडल्यास आरक्षण संपते. मग तेथे दुकाने उठतात, आणि आपली लेकरे जालना रस्त्यावरील मालमोटारींतून वाट काढीत दूरच्या शाळेस जातात. शिक्षणहक्काच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावयास हवी.

म्हणून आमची विनंती अशी की, घर घेताना जसे पाणी पाहता, तसा मंजूर आराखडाही पाहा. शाळेच्या जागेचे काय झाले, हे महानगरपालिकेस लेखी विचारा. आणि मुदत टळण्यापूर्वी विचारा. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्यास सोबत घ्या. शाळा सर्वांच्याच मुलांची आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस ही जागरूकता देवो.