वास्तवाचा ताणा, कल्पनेचा बाणा

(अमूर्त चित्रकलेविषयी सोलापूर येथील रसिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला सुशिक्षित मराठी माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘हे नेमके कशाचे चित्र आहे?’ समोर डोंगर नाही, देवमूर्ती नाही, ओळखीचा चेहरा नाही. मग चित्रकाराने काढले तरी काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याची टिंगल करण्याचे काही कारण नाही. मात्र विचारणारा सोलापूरचा असेल, तर त्याच्या उत्तराचा निम्मा भाग त्याच्याच गावात दरवर्षी मिरवणुकीने निघतो.

मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची यात्रा भरते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. त्या योगदंडाचे प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतील भक्त ते पेलतात आणि तलावाकाठच्या संमती कट्ट्याजवळ हजारो हातांतून अक्षता पडतात. त्या काठीला डोळे नाहीत, नाक नाही, मुंडावळ्या बांधायला कपाळ नाही. तरीही ‘ही काठी नवरदेवासारखी का दिसत नाही?’ असे तिथे कोणी विचारीत नाही. दिसणे आणि असणे यांतले अंतर आपली कल्पनाशक्ती एका क्षणात ओलांडते, आणि तेही लहानथोर, शिकलेले-न शिकलेले अशा सर्वांची.

मग चित्रासमोर हीच कल्पनाशक्ती का अडखळते? यात्रेतील काठीमागे पिढ्यान् पिढ्या सांगितलेली कथा उभी आहे. कॅनव्हासमागे अशी सामायिक कथा नसते. तिथे चित्रकार एकटा असतो आणि प्रेक्षकही एकटाच. अडचण बुद्धीची नाही, ती या एकटेपणाची आहे. ती समजून घ्यायची तर एका मराठी चित्रकाराच्या वाटेने थोडे चालून पाहावे लागेल.

मागापाशी घडलेला चित्रकार

प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९५९ साली शिक्षण पुरे केल्यावर त्यांनी उपजीविकेसाठी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागाच्या विणकरांना नवे नमुने पुरविण्यासाठी शासनाने ही केंद्रे काढली होती आणि अनेक चित्रकारांना त्यांनी आधार दिला. चादरी आणि टॉवेलांवर ज्या गावाचे नाव देशभर गेले, त्या गावाला या नोकरीचा अर्थ वेगळा सांगायला नको. नक्षी मनात कितीही सुंदर असो, ती आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते. किती धागे उचलायचे, किती दाबायचे, याचा हिशेब करावा लागतो. माग थापा चालवून घेत नाही.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धात बरवे वाराणसीच्या केंद्रात होते. तिथे तंत्रपरंपरेतील यंत्राकृतींशी त्यांचा निकटचा परिचय झाला. त्रिकोण, वर्तुळ, बिंदू अशा मोजक्या आकारांत विश्वाची कल्पना सामावणारी ही परंपरा. तिचा ठसा त्यांच्या त्या काळातील चित्रांवर स्पष्ट दिसतो. पाश्चात्त्य चित्रकार पॉल क्ले याच्या कामाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. प्रेरणा कोठून आली यापेक्षा ती घेणाऱ्याने तिचे काय केले, हे अधिक महत्त्वाचे.

बरव्यांनी काय केले? सत्तरच्या दशकात तांत्रिक आकृत्या त्यांच्या चित्रांतून मागे पडल्या. परंपरेचे तयार प्रतीक वारंवार गिरवले की त्याचा साचा होतो, हा धोका त्यांच्यासारख्या कलावंताला जाणवला नसता तरच नवल. त्यांनी दृष्टी वळवली ती घरातल्या साध्या वस्तूंकडे. घड्याळ, पान, पाकीट, टाचणी यांसारख्या वस्तू सपाट, स्वच्छ रेषेत आणि बहुधा एनॅमल रंगात त्यांच्या कॅनव्हासवर येऊ लागल्या. वस्तू ओळखू येते, पण तिचे नेहमीचे नाते सुटलेले असते. पान घराहून मोठे होऊ शकते. घड्याळ वेळ दाखवण्याचे आपले काम विसरून नुसता एक गोल म्हणून उभे राहू शकते. त्यांच्या ‘ब्लू क्लाउड’ या चित्राला १९७६ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कल्पनाशक्तीचे कार्य इथे नीट पाहता येते. कल्पना म्हणजे वास्तवापासून पळ, अशी एक समजूत आहे. बरव्यांची कल्पना वस्तूपाशीच थांबते, तिच्यावरची उपयोगाची धूळ पुसते आणि तिला पहिल्यांदा पाहिल्यासारखे पाहते. मागावर ताणा घट्ट बांधलेला असतो म्हणूनच धोट्याबरोबर बाणा मोकळेपणाने धावू शकतो. ताणा ढिला असेल तर कापडच होत नाही. वास्तवाचे निरीक्षण हा चित्रकाराचा ताणा आणि कल्पना हा त्याचा बाणा.

या निरीक्षणाची शिस्तही त्यांनी जपली. वर्षानुवर्षे ते वह्यांत रेखाटने आणि टिपणे करीत राहिले. १९९० साली निर्मितीप्रक्रियेचा वेध घेणारे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. १९९५ साली त्यांचे निधन झाले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांबरोबर या वह्याही मांडल्या गेल्या, तेव्हा ‘सुचणे’ या शब्दामागे केवढे कष्ट असतात ते रसिकांना दिसले.

वस्तूही गळून पडते तेव्हा

बरव्यांनी वस्तू ठेवली. वासुदेव गायतोंडे यांनी तीही सोडली. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या, मूळ गोमंतकीय घराण्यातील या चित्रकाराला ‘अमूर्त’ हा शब्दही रुचत नसे. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते मानीत. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवणे, खरवडणे, पुन्हा चढवणे असे काम चाले आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. झेन विचाराचे त्यांना आकर्षण होते. २००१ साली ते गेले; २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. लिलावातील कोटींच्या आकड्यांमुळे आज त्यांचे नाव घरोघरी पोचले आहे. पण ज्याने मौनाची साधना केली, त्याची ओळख आपल्याला किमतीवरून व्हावी, हे आपल्या रसिकतेला भूषणावह नाही.

ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तिथल्या माणसाला सगुण-निर्गुणाचा विचार परका नाही. विटेवरच्या सावळ्या मूर्तीला डोळे भरून पाहणारे संत त्याच परब्रह्माला निराकार म्हणत आले. सिद्धरामेश्वरांच्या शरणपरंपरेत तर ‘शून्य’ ही पूर्णतेचीच संज्ञा आहे. गायतोंड्यांची चित्रे म्हणजे अध्यात्माचा पाठ, असा दावा करण्याची गरज नाही. चित्र हे आधी चित्र असते. सांगायचे एवढेच की, निराकारापुढे शांत उभे राहण्याची सवय आपल्या मनाला आहे. कलादालनाच्या दारात ती चपलांबरोबर बाहेर ठेवू नये.

घरातला कोरा कागद

हा विषय केवळ कलादालनाचा नाही. घरातले चार-पाच वर्षांचे मूल जांभळा घोडा काढते, आईपेक्षा मोठे फूल काढते. आपण प्रेमानेच सांगतो, ‘अरे, घोडा असा असतो का?’ दोन-तीन वर्षांत ते मूल शहाणे होते आणि दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी असे चित्र काढू लागते. वर्गातली चाळीस मुले तेच चित्र काढतात. त्या दिवशी घोडा बरोबर येतो, पण मुलाची नजर त्याची स्वतःची राहत नाही. शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र असते तसे संकल्पचित्रही असते. पाहणे आणि कल्पिणे ही दोन्ही शिक्षणाची अंगे आहेत, हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. पण संकल्पचित्राचेही ठरीव नमुने पाठ करून घेतले जात असतील, तर परीक्षा उरते आणि शिक्षण जाते.

ज्या समाजाची मुले फक्त नक्कल शिकतात, तो समाज इतरांचे नमुने विणत बसतो. कारागीर कितीही कुशल असला तरी नवा नमुना कोणाला तरी सुचावा लागतो, हे मागाच्या गावाने अनुभवाने जाणले आहे.

म्हणून पुढच्या वेळी अमूर्त चित्रासमोर उभे राहिल्यावर ‘हे कशाचे आहे?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा. रंग कुठे दाटला आहे, कुठे विरळ झाला आहे, मोकळी जागा कुठे सोडली आहे, हे पाच मिनिटे नुसते पाहावे. चित्र आवडले नाही तर तसे निःसंकोच म्हणावे. पाहून नाकारण्याचा अधिकार रसिकाला आहेच. आणि घरी मुलाने जांभळा घोडा काढला असेल, तर तो दुरुस्त करण्यापूर्वी त्याला विचारावे, हा घोडा निघाला आहे कुठे? उत्तर ऐकण्यासारखे असते.