बाजार आणि घरखर्च
जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा टप्पा ओलांडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ९,००० च्याही खाली उतरला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने पुन्हा २१,००० ची पातळी गाठली. बाजार एकच, फळे मात्र निराळी. मुलीच्या शिक्षणाचा पैसा ज्याने शेअरमध्ये घातला होता, त्याला फीच्या तारखेने पडत्या भावात विकावयास लावले. ज्याचा वर्षाचा घरखर्च बँकेत सुरक्षित होता, त्याच्या म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्याला त्याच मंदीत अधिक युनिट मिळाले. दोघांत फरक हुशारीचा नव्हता, तयारीचा होता. म्हणून सामान्य गुंतवणूकदाराने भाव विचारण्यापूर्वी स्वतःस विचारावे : हा पैसा येत्या पाच वर्षांत लागणार आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर त्या पैशाची जागा शेअर बाजारात नाही.