शाळेच्या समितीत आपली खुर्ची रिकामी का?

(देवगाव रंगारी येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलीचं नाव शाळेत घातलं, एस.टी.चा पास मिळाला, की आपण निर्धास्त होतो. पण तिथे ती काय शिकते, तिला कोण आणि कसं शिकवतं, हे आपण विचारतो का? आठवीतल्या मुलीला चार ओळी धड वाचता आल्या नाहीत, की घरात म्हणतात, 'हिचं डोकं चालत नाही, लग्न उरकून टाका.' शाळा कमी पडते आणि शिक्षा मुलीला होते.

वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत आई चुलीपाशी आणि बाबा पेपर वाचताना. स्त्री-चळवळीने यावर सतत बोट ठेवलं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्री-समतेसाठी अभ्यासक्रम व पुस्तकं बदलायचं मान्य केलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष शेजारी बसून भाजी निवडताना दिसले. मध्ये तेहतीस वर्षं गेली!

पण नुसत्या चित्राने काय होणार? 'तुमच्या घरी भाजी कोण निवडतं?' असं बाईंनी किंवा गुरुजींनी विचारलं, तर वर्ग बोलता होतो. आणि धडा संपताच झाडू मुलींच्याच हातात दिला, तर पोरं पुस्तकातलं विसरतात आणि झाडूचं लक्षात ठेवतात.

सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. अंगावर शेण-चिखल झेलून त्या शाळेत जात. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. नुसती बाराखडी गिरवून असा निबंध लिहिता येत नाही. मुलीला स्वतःच्या जगण्यावर विचार करायला लावणारं शिक्षण त्यामागे लागतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शिक्षकाने वेळेवर यायचं, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करायचा, पालकांशी नियमित बोलायचं. त्याचबरोबर जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षणाबाहेरचं काम त्याच्यावर लादायचं नाही. तेव्हा कामचुकार शिक्षकाला जाब विचारू. पण मन लावून शिकवणाऱ्या बाईंना कागदांच्या ढिगात अडकवलं, तर त्यांच्या बाजूनेही उभं राहू.

याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. आपली नावं यादीत असतात. पण बैठकीला नवरा जातो आणि रजिस्टर सहीसाठी घरी येतं. हे थांबवू या. पुढच्या बैठकीला स्वतः जाऊ. मुलीचं पुस्तक बरोबर नेऊ. वाचता येत नसेल तर मुलीकडून आधी वाचून घेऊ. आणि तीन प्रश्न विचारू: कोणता धडा चालू आहे? किती मुलींना तो समजला? ज्यांना समजला नाही, त्यांच्यासाठी काय करणार?

उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही.