परिषद उन्हाळ्यात कुठे असते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

महाविद्यालयातली विद्यार्थी परिषद उन्हाळ्यात काय करते, असा प्रश्न मी तुम्हाला विचारला, तर तुम्ही हसाल. उन्हाळ्यात कॉलेजच बंद, मग परिषद काय करणार? परिषद म्हणजे गॅदरिंग, परिषद म्हणजे पारितोषिक वितरणाच्या वेळी ब्लेझर घालून व्यासपीठाच्या कडेला उभी असलेली चार मुलं, अशीच आपली समजूत असते. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं शिकवतो आहे. शिकवण्याबरोबर विद्यार्थी कल्याणाचं कामही माझ्याकडे होतं. त्या अनुभवातून माझं मत असं झालं आहे, की परिषदेची खरी गरज गॅदरिंगला नसते. ती असते एप्रिलमधल्या शेवटच्या पेपरपासून जुलैअखेरपर्यंत. आणि नेमकी तेव्हाच परिषद जागेवर नसते.

का नसते, ते थोडं मागे जाऊन सांगतो.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. पुणे, नाशिक आणि पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, असे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. एके काळी राज्यातल्या महाविद्यालयांत परिषदेच्या निवडणुका थेट मतदानानं होत. भित्तिपत्रकं लागत, घोषणा होत, आणि पुढे पुढे पैसा आणि मनगटशाहीही दिसू लागली. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर थेट निवडणुकांवर पडदा पडला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं नवी पद्धत आणली. वर्गात गुणवत्तेनं पुढे असलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी व्हायचा. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एन.सी.सी., राष्ट्रीय सेवा योजना यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असायचा, आणि प्राचार्य दोन मुलींची नेमणूक करायचे. ही मंडळी आपल्यातून सचिव निवडत. त्यालाच आम्ही कॉलेजात ‘यू.आर.’, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी म्हणायचो.

मी स्वतः त्या पद्धतीतूनच परिषदेत गेलो. मला कुणी मत दिलं नव्हतं, मला गुण मिळाले होते! आमच्यातली काही मुलं फार चांगली होती. पण आपण कुणाचे प्रतिनिधी आहोत हे आम्हाला नीट सांगता येत नसे, आणि वर्गातल्या मुलांनाही आपला प्रतिनिधी कोण हे ठाऊक नसे.

पुढे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिंगडोह समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. उमेदवारानं पाच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, छापील फलक लावायचे नाहीत, हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, अशा त्या अटी. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गांचा आळीपाळीनं येणारा प्रतिनिधी आणि वर्गप्रतिनिधी हे सगळे मतदानानं निवडायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मतदान व्हायचं ठरलं होतं. मुलांनी तयारीही केली होती. ते मतदान पुढे ढकललं गेलं. मग २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि कॉलेजंच बंद झाली. ज्या मुलांनी पहिल्या वर्षाला असताना त्या मतदानाची वाट पाहिली, ती मत न देताच पदवीधर झाली.

या वादात निवडणूक हवी की नको, यावर पुष्कळ बोललं गेलं. वेळापत्रकाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. लिंगडोह समितीनं म्हटलं आहे, की सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यावी. गुणवत्तेची पद्धत असतानाही प्रवेश पूर्ण होऊन याद्या लागेपर्यंत ऑगस्ट उजाडायचा. म्हणजे परिषद बनते तेव्हा अर्धा पावसाळा सरलेला असतो. आधीच्या परिषदेतली तिसऱ्या वर्षाची मुलं एप्रिलमध्येच निघून गेलेली असतात. मधले तीन-चार महिने कुणाचेच नाहीत. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थी-सरकारची निवडणूक आधीच्या वसंतात, वर्ग चालू असतानाच उरकतात. त्यामुळे निवडून आलेल्या मुलांना सबंध उन्हाळा तयारीला मिळतो, आणि शरदात नवे विद्यार्थी येतात तेव्हा त्यांच्या स्वागताला कुणीतरी उभं असतं. तिथलं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. पण एवढी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

आता आपल्याकडे जूनमध्ये काय होतं ते पाहा. लातूर, बीड, धाराशिव, नंदुरबार, कुठून कुठून मुलं पुण्यात उतरतात. वाकडेवाडीच्या एस.टी. स्थानकावर भल्या पहाटे एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि सोबत धोतर-टोपीतले वडील. वसतिगृहाची यादी लागलेली नसते. मग सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत ‘कॉट बेसिस’वर जागा शोधायची. अनामत किती, जेवण कुठे, पावती मिळते की नाही, काही माहीत नसतं. त्यातच प्रवेशाचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’वर भरायचा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात. २०२४ मध्ये राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय उत्तम. पण कागद वेळेत मिळाला तरच त्याचा उपयोग!

एक मुलगी मला चांगली आठवते. गुण उत्तम, वडील ऊसतोडीला जाणारे. एका दाखल्यासाठी ती गावी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा काहीतरी राहिलं. तिसऱ्यांदा जायला भाड्याचे पैसे नव्हते. तोवर मुदत टळली. वर्षभर ती संध्याकाळी एका दुकानात काम करून फीचे हप्ते भरत होती. या सगळ्यात तिला कुणी मुद्दाम त्रास दिला असं नाही. कुठला कागद आधी काढायचा, एवढंच सांगणारं कुणी तिला जूनमध्ये भेटलं नाही. हे सांगायला प्राध्यापक लागत नाही. आदल्या वर्षी याच रांगेतून गेलेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पुरतो, आणि तो प्राध्यापकापेक्षा चांगलं सांगतो.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. नवी परिषद बनेपर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दहा-बारा मुलामुलींनी सुट्टीतलं काम सांभाळायचं. पद नाही, बिल्ला नाही. गटाला मुलांनीच नाव दिलं, ‘उन्हाळी मंडळी’.

पहिलं काम परीक्षेच्या शेवटच्या दिवशी. फाटकापाशी दोन टेबलं मांडायची आणि जाणाऱ्या मुलांकडून पुस्तकं मागून घ्यायची. घरी परतताना पुस्तकांचं ओझं कुणालाच नको असतं. त्यातून पुस्तक पेढी उभी राहिली. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलू लागले, तेव्हा पहिल्या वर्षाची बरीच पुस्तकं निरुपयोगी झाली. पण शब्दकोश, व्याकरणं, गणिताची आणि अर्थशास्त्राची मूळ पुस्तकं कामाला आली. आणि अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं कुठल्या दुकानात मिळतात, याची एक चिठ्ठी मुलांनी सोबत जोडली.

दुसरं काम खोल्यांचं. मे महिन्यात सकाळच्या उन्हात मुलं पेठांमधून हिंडली. जिथे आपल्या कॉलेजची मुलं राहत होती, तिथली माहिती त्यांनी वहीत लिहून काढली. भाडं किती, अनामत परत मिळाली का, पाणी किती वाजता येतं, मुलींसाठी जागा सुरक्षित आहे का, खानावळ रविवारी संध्याकाळी बंद असते का. ही वही आमच्या कॉलेजात छापील माहितीपत्रकापेक्षा जास्त वाचली जाते.

तिसरं काम दाखल्यांचं. कुठल्या कागदासाठी आधी कुठला कागद लागतो, याचा एक पानाचा तक्ता. तो बारावीच्या निकालाच्या आसपास गावोगावच्या ओळखीच्या मुलांना फोनवर पाठवायचा, म्हणजे पुण्याला निघण्यापूर्वीच कागद काढून होतात. आणि चौथं काम म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत फाटकाशी एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ. विचारायला येणाऱ्याला निदान बसायला तरी सांगायचं.

आता पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा बेत. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात, तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं स्वच्छतेच्या कामाला जातातच. त्यांच्याबरोबर नव्या मुलांना न्यायचं. दोन दिवस एकत्र झाडू मारला, की ओळख करून द्यावी लागत नाही. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींचे दिवस. १९६३ पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा. तिथे रंगमंचावर सात-आठ मुलं दिसतात, पण प्रकाश, नेपथ्य, धावपळ यांना पंधरा-वीस लागतात. बुजऱ्या मुलाला हे काम द्यायचं. गणेशोत्सवात नदीकाठी निर्माल्य गोळा करायचं. सप्टेंबरमध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज कुणाचे अडले आहेत याची एकदा फेरतपासणी. आणि दिवाळीच्या सुट्टीत जी मुलं घरी जाऊ शकत नाहीत, त्यांच्या जेवणाची सोय. त्या आठवड्यात पेठांतल्या खानावळी बंद असतात. शहर फराळ करत असतं आणि ही मुलं वडापावावर दिवस काढतात.

कुणी म्हणेल, ही तर समाजसेवा झाली, यात परिषद कुठे आली? पुण्याला ही सेवा नवी नाही, हे खरंच आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यांतून येणाऱ्या मुलांचीच अडचण पाहून. पण परिषदेच्या हातात एक गोष्ट जास्त असते. उन्हाळ्यात हिंडलेल्या मुलाला अडचण कुठे आहे हे माहीत असतं, आणि कायद्यानं परिषदेला प्राचार्यांसमोर, विद्यापीठासमोर बोलण्याचा हक्क असतो. वसतिगृहाची यादी पंधरा दिवस आधी लावा, फीचे हप्ते करून द्या, ही मागणी वही पुढे ठेवून केली की तिला वजन येतं. नुसत्या सेवेला तो हक्क नाही, आणि काम न करता मिळालेल्या हक्काला ते वजन नाही.

निवडणुकीत भांडणं होतील, बाहेरचे पक्ष शिरतील, ही भीती पालकांना वाटते. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. १९८९ सालचं कुणी विसरू नये. पण मत कशावर मागायचं हेच मुलांपुढे नसलं, तर मग जात, गाव आणि मोटारसायकली पुढे येतात. ज्यानं मे महिन्यात खोल्या हिंडून वही भरली, त्याला ऑगस्टमध्ये मत मागायला वेगळं काही सांगावं लागत नाही. आमच्या ‘उन्हाळी मंडळीं’पैकी निम्म्याहून अधिक मुली असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी एरवी परिषदेच्या वाटेलाही गेल्या नसत्या.

माझी सूचना साधी आहे. परिषद निवडून येवो की नेमली जावो, ते ठरवणारे ठरवतील. पण प्रत्येक महाविद्यालयानं मार्च संपण्यापूर्वी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची दहा मुलं निवडावी, त्यांना एक खोली आणि एक कपाट द्यावं, आणि जुन्या परिषदेनं आपल्या वह्या त्यांच्या हवाली कराव्यात. याला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आणि पेठांमधल्या घरमालकांना, खानावळवाल्या काकूंना एक विनंती. मे महिन्यात एखादी मुलगी वही घेऊन तुमच्या दारात आली आणि तुमच्याकडच्या जागेबद्दल विचारू लागली, तर तिला दोन मिनिटं द्या. भाडं काय ते खरं सांगा. तिनं लिहून घेतलेल्या त्या एका ओळीवर जूनमध्ये कुणाचं तरी बिऱ्हाड बसणार असतं.