आजीची नीलमाची अंगठी



आमच्या आजीची नीलमाची अंगठी आम्हां भावंडांनी यंदा मोडावयास काढली. येईल ती रक्कम न्यासाच्या शिक्षणनिधीस द्यावी, हा हेतू. डिचोलीतील सोनाराने सोने कसोटीस लावले. ते चांगल्या कसाचे निघाले. मग त्याने खडा भिंगाखाली धरला आणि तो गप्प झाला. अस्सल नीलमातील रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात जातात; आमच्या खड्यातले वक्र होते. खडा कारखान्यातला होता.

फ्रेंच रसायनज्ञ व्हर्नय याने 1902 साली कृत्रिम माणकाची कृती प्रसिद्ध केली. पुढे त्याच रीतीने नीलमही होऊ लागले. द्रव्य तेच, कठीणपणाही तोच. म्हणून नुसत्या डोळ्यांची फसगत होते. जुन्या पेढीने आजीला फसविले, की पेढीच फसली, हे आता कोणी सांगावे?

गोव्याच्या सोनारकीची कीर्ती जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गोव्याचा रावळू शेट लिस्बनला राजा मनुएलसाठी दागिने घडवीत होता. ती कीर्ती आमच्या सोनारासारख्यांच्या खऱ्या बोलण्यावर टिकून आहे. 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे. तरी मौल्यवान खडा घेताना प्रयोगशाळेचा दाखला अवश्य मागावा.

सोन्याचे पैसे आम्ही निधीस दिले आहेत. खडा घरीच ठेवला. आजीने तो जन्मभर जपला. ते जपणे खोटे नव्हते.